अमेरिकेत सहा महिने आणि हातात स्कॅनर: ट्रंक सिस्टिम कशी भरायची?

फुलेवाडी_बिनतारी

नमस्कार मंडळी. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस, नोकरीची बरीच वर्षं बिनतारी संचावर गेली. मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडं ओहायोला चाललोय, कोलंबसला लागून डब्लिन म्हणून गाव आहे तिथं. मुक्काम सहा महिने. मुलगा-सून सकाळी कामावर गेल्यावर आम्ही करायचं काय, यावर मुलानं स्कॅनरचा, म्हणजे बिनतारी बोलणं ऐकायच्या रेडिओचा, तोडगा काढलाय. तिथं लोक घरबसल्या अग्निशमन दल, अँब्युलन्स यांचं बोलणं ऐकतात आणि ते कायद्यात बसतं म्हणे. त्यानं युनिडेनचा एसडीएस१०० घेऊन ठेवलाय आणि मॅन्युअल मला पाठवून दिलंय.

फ्रिक्वेन्सी भरणं मला कळतं. पण यात सिस्टिम, साइट, डिपार्टमेंट, टॉकग्रुप असा सगळा गोतावळा आहे. आमच्या वेळी एक फ्रिक्वेन्सी आणि सगळे तिच्यावर. राधानगरी धरणावरनं "सहा नंबरचा दरवाजा उघडला, विसर्ग १४२८ क्युसेक, ओव्हर" असं आलं की वाटेतल्या सगळ्या संचांना एकदम ऐकू यायचं. मधे कुणी बोलत असेल तर गप थांबायचं. इथं तर ट्रंक सिस्टिम, म्हणजे खात्याला ठरलेली फ्रिक्वेन्सीच नाही म्हणतात. मग स्कॅनरला सांगायचं तरी काय? जुन्या माणसाच्या पचनी पडेल असं कुणी सांगेल का?

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

काका, नमस्कार. मी मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, आता तुमच्या मुलाच्याच भागात राहतो. तुम्ही सिम्प्लेक्सवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलायच्या पद्धतीवर, काम केलंय, त्यामुळे तुम्हाला हे नवशिक्यांपेक्षा लवकर कळेल.

कोल्हापूरच्या सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर, उभे आहात असं समजा. गारगोटीच्या गाडीला फलाट कायमचा ठरलेला नाही. जो रिकामा असेल तिथं ती लागणार आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस भोंग्यावरनं पुकारणार, गारगोटी गाडी फलाट सात. तुम्ही फलाटाफलाटावर पळत बसत नाही, कान भोंग्याकडं ठेवता. ट्रंक सिस्टिममध्ये भोंगा म्हणजे कंट्रोल चॅनेल, गाडी म्हणजे टॉकग्रुप (आपसांत बोलणाऱ्या संचांचा गट) आणि फलाट म्हणजे व्हॉइस फ्रिक्वेन्सी. फायरवाल्यानं बटण दाबलं की त्याचा संच आधी कंट्रोल चॅनेलवर मागणी करतो, सिस्टिम रिकामी फ्रिक्वेन्सी नेमून देते आणि त्या टॉकग्रुपचे सगळे संच आपोआप तिथं जातात. बोलणं संपलं की परत कंट्रोल चॅनेलवर. पुढचं वाक्य दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर येऊ शकतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत.

तुमचा स्कॅनरही तेच करतो, फक्त मागणी करत नाही, नुसता ऐकतो. म्हणून त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: कंट्रोल चॅनेल कुठला आणि कुठले टॉकग्रुप ऐकायचेत. बाकी फ्रिक्वेन्सी त्याच्या त्याला कळतात.

टेंबलाई_टेकडी

ट्रंक सिस्टिम आली पण स्कॅनर साधेच होते तेव्हा लोकांचे लई हाल व्हायचे. एका फ्रिक्वेन्सीवर पोलिसाचा प्रश्न ऐकू यायचा आणि त्याच्या उत्तराच्या जागी कचऱ्याच्या गाडीवाला बोलायचा. ट्रंकचा माग काढणारा पहिला स्कॅनर युनिडेननं १९९७ साली काढला, बीसी२३५एक्सएलटी. तोवर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी कागदावर तुकडे जुळवत दिवस काढले.

रेणुका_आरएफ

कॉलेजात कम्युनिकेशन शिकवते, म्हणून हा एक आकडा टाकल्याशिवाय राहवत नाही. वीस खात्यांना वीस चॅनेल वाटून दिले आणि शंभरातले दोनच कॉल अडावेत अशी अट घातली, तर एकेका चॅनेलवर साधारण ०.०२ अर्लांग वाहतूक घेता येते (एक चॅनेल सतत व्यापलेला असला तर एक अर्लांग). विसांची मिळून ०.४. तेच वीस चॅनेल एका ढिगात ठेवून लागेल तसे दिले, तर त्याच अटीत १३.२ अर्लांग. म्हणजे तीसपटीहून जास्त. अमेरिकेतली गावं एवढ्या महागड्या सिस्टिमकडं का वळली त्याचं उत्तर या एका ओळीत आहे. (आणीबाणीच्या सिस्टिममध्ये कॉल नाकारत नाहीत, रांगेत ठेवतात, त्यामुळे खरं गणित रांगेच्या सूत्राचं, अर्लांग-सी चं. पण अंदाजाला एवढं पुरे.)

काका, तुम्ही "मधे कुणी बोलत असेल तर थांबायचं" म्हणालात ना, ती रांग आता कॉम्प्युटर लावतो.

फुलेवाडी_बिनतारी

सीबीएसवरनं झटक्यात डोक्यात शिरलं. आता प्रत्यक्ष काय भरायचं ते सांगा. आणि साइट म्हणजे टॉवर का?

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

साइट म्हणजे एक टॉवर, किंवा एकच फ्रिक्वेन्सी मिळून वापरणाऱ्या टॉवरांचा गट. आता इथलं चित्र बघा. ओहायोची राज्यभराची सिस्टिम आहे, मार्क्स-आयपी. पी-२५ पद्धतीची, ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर. पी-२५ हे सगळ्या खात्यांच्या संचांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेलं डिजिटल मानक, त्याचं काम १९८९ मध्ये सुरू झालं. फेज १ मध्ये साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलवर एक बोलणं. फेज २ मध्ये तेवढ्याच चॅनेलवर वेळेचे दोन भाग पाडून दोन बोलणी. एसडीएस१०० ला दोन्ही कळतात. मुलानं स्वस्तातला ॲनालॉग स्कॅनर घेतला असता तर नुसती खरखर ऐकत बसला असता.

स्कॅनरमधली उतरंड अशी: सगळ्यात वर फेव्हरिट्स लिस्ट, तिच्यात सिस्टिम, सिस्टिमच्या एका हाताला साइट, दुसऱ्या हाताला डिपार्टमेंट आणि डिपार्टमेंटच्या पोटात टॉकग्रुप. साइटमध्ये कंट्रोल चॅनेल भरायचे. रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक साइटच्या फ्रिक्वेन्सींची यादी असते. तिच्यात लाल असतो तो मुख्य कंट्रोल चॅनेल, निळे असतात ते पर्यायी. लाल-निळे सगळे भरा, कारण कंट्रोल चॅनेल मधूनमधून बदलतो. काळे व्हॉइस चॅनेल पी-२५ मध्ये नाही भरले तरी चालतं, कुठला चॅनेल नंबर म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी हे कंट्रोल चॅनेलवरच सतत सांगितलं जातं. जुन्या ईडॅक्स आणि एलटीआर सिस्टिमना मात्र सगळ्या फ्रिक्वेन्सी लागतात आणि त्याही नंबराच्या क्रमानं. एक जागा चुकली की फायर लावलं तर भलताच कुणी बोलायला लागतो. तुम्हाला त्यांची गरज पडेल असं वाटत नाही.

टॉकग्रुप म्हणजे नुसता आकडा, १ ते ६५५३५ मधला. यादीत तो दशमानात आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायात) असा दोन्हीकडं दिलेला असतो. तुम्ही दशमानातला घ्या.

टेंबलाई_टेकडी

एवढं हातानं भरायची गरजच काय? एसडीएस१०० मध्ये अख्ख्या अमेरिकेचा डेटाबेस आधीच असतो की. पिनकोड टाकला की चालू.

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

हाय की. तिथला पिनकोड म्हणजे झिप, डब्लिनचे ४३०१६ आणि ४३०१७. तो टाकून त्रिज्या ठेवायची. पण अडचण बघा, डब्लिन हे गाव फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन अशा तीन काउंटींत पसरलंय. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. झिप टाकून त्रिज्या वीस मैल ठेवली की तिन्ही काउंटींचे फायर, पोलिस, शाळेच्या बस, रस्त्यावरचा बर्फ काढणारे, सगळे एकदम स्कॅनरात घुसतात. काकांना घरासमोरच्या फायर स्टेशनचं ऐकायचंय आणि स्कॅनर मात्र वीस मैलांवरच्या नगरपालिकेच्या पाण्याच्या गळतीवर अडकलाय. पहिल्या दिवशी गंमत म्हणून ठीक, दुसऱ्या दिवसापासनं स्वतःची फेव्हरिट्स लिस्ट करा.

त्यासाठी सेंटिनेल नावाचं युनिडेनचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याचा डेटाबेस दर आठवड्याला ताजा होतो. कॉम्प्युटरवर डेटाबेसमधनं हवं ते उचलून लिस्टमध्ये टाकायचं आणि स्कॅनरमध्ये उतरवायचं. बटणांनी टॉकग्रुप भरत बसायचं वय आपलं कुणाचंच नाही.

एक गोष्ट विसरू नका. फायरचा कॉल आधी डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या कक्षाच्या, टॉकग्रुपवर येतो, मग गाड्यांना सांगतात की अमुक टॅक वर जा. टॅक म्हणजे घटनास्थळाचा वेगळा टॉकग्रुप. डिस्पॅच भरला आणि टॅक भरले नाहीत, तर आग लागल्याचं कळेल आणि पुढं सगळं सामसूम.

रेणुका_आरएफ

आणि टॅक भरूनही सामसूम असू शकते, ते का हे आत्ताच कळलेलं बरं. ट्रंक सिस्टिम प्रत्येक बोलणं प्रत्येक टॉवरवरून पाठवत नाही. ज्या साइटवर त्या टॉकग्रुपचा निदान एक तरी संच नोंदवलेला आहे, तिथंच ते बोलणं जातं. स्कॅनर मुकाट ऐकतो, नोंदणी करत नाही. म्हणजे शेजारच्या काउंटीच्या गाडीचं बोलणं तुमच्या साइटवर तेव्हाच येणार जेव्हा तिचा एखादा संच तुमच्या साइटच्या हद्दीत असेल. कालपर्यंत ऐकू येणारा टॉकग्रुप आज गप्प असेल तर आधी हे तपासा, सेटिंग खराब झालं असं समजून सगळं पुसून पुन्हा भरायला बसू नका.

यावर उपाय म्हणजे दूरची साइटही लिस्टमध्ये टाकणं. पण साइटा वाढवल्या की स्कॅनरला प्रत्येकीचा कंट्रोल चॅनेल तपासायला जावं लागतं आणि तेवढ्यात जवळच्या साइटवरचं निम्मं वाक्य हुकतं. दोन किंवा तीन साइटा, पुरे.

मंगळवार_पेठ_११

नाद खुळा विषय! एक विचारू का, हे यंत्र काकांनी येताना हिकडं आणलं तर विसर्जनाला महाद्वार रोडवर पोलिसांचं काय चाललंय ते ऐकू येईल का? बंदोबस्त कुठं, कुठलं मंडळ कुठं अडवलंय, आधीच कळंल.

रेणुका_आरएफ

नको रे बाबा.

आपल्याकडं नियम उलटे आहेत. अमेरिकेत खुल्या हवेतलं पोलिस-फायरचं बोलणं ऐकायला बहुतेक ठिकाणी मोकळीक आहे. आपल्याकडं १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नुसता संच बाळगायलाच परवाना लागत आलाय, बोला नाहीतर नुसतं ऐका. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांच्या जागी दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्याचं कलम ४२, २६ जून २०२४ पासून लागू झालंय. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधल्यामधे ऐकला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विसर्जनाच्या रात्री एवढी जोखीम कशासाठी? मिरवणूक कुठं अडलीय ते शेजारच्या मंडळाच्या पोराला फोन केला तरी कळतं.

शिवाय अमेरिकेसाठी बनवलेल्या या यंत्राला टेट्रा हे डिजिटल मानक वाचताच येत नाही आणि सांकेतिक केलेलं तर कुठलंच नाही.

मंगळवार_पेठ_११

पण मॅडम, मी बोलणार न्हाई, नुसतं ऐकणार. कुणाला कळतंय?

फुलेवाडी_बिनतारी

पोरा, मी सांगतो. कायदा बाजूला ठेव घटकाभर. पुराच्या दिवसांत संचावर "दरवाजे उघडण्याची तयारी ठेवा" असा निरोप येतो. तयारी ठेवा, म्हणजे अजून उघडलेले नाहीत. कुणी बाहेरच्यानं तो अर्धा ऐकला आणि "दरवाजे उघडले" म्हणून गावात सांगितलं, तर रातोरात नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीचे लोक जनावरं घेऊन रस्त्यावर. म्हणून संचावरचा शब्द वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय बाहेर जात नव्हता. पोलिसांचंही तसंच असणार.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सरकार स्वतः जाहीर करतं. ३९ फूट इशारा, ४३ धोका. एवढं बघितलं तरी कोल्हापूरकराला काय ते कळतं.

टेंबलाई_टेकडी

मंगळवार पेठ, गप्प बस आता, काकांनी थेट रेड कार्ड दाखवलं तुला.

मंगळवार_पेठ_११

बसलो. पण मला रेडिओचा नाद लागलाय त्याचं काय करू?

रेणुका_आरएफ

हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दे. बारा वर्षांपुढं कुणालाही देता येते. परवाना केंद्र सरकारचा डब्ल्यूपीसी विभाग देतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघेची तारभाषा) नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम. पास झालास की व्हीयू३ नं सुरू होणारं कॉलसाइन मिळेल आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर तू स्वतः बोलशील. सॅटेलाइटचं ऐकायचं असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हॅम संच १४५.८०० वर खाली बोलतो. कोल्हापूरवरून जाताना जास्तीत जास्त दहाएक मिनिटं मिळतात. एसडीआर (कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ) नको की ट्रंक नको, साधा हँडसेट आणि हातात धरायचा यागी अँटेना.

आणि पन्हाळ्यावर जा एकदा संच घेऊन. खालच्या मुलखापेक्षा गड साधारण चारशे मीटर उंच. चारशेचं वर्गमूळ वीस, गुणिले ४.१२, म्हणजे रेडिओच्या नजरेत ऐंशी किलोमीटर. महाद्वार रोडपेक्षा बरंच लांबचं ऐकू येईल तुला.

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

मूळ विषयाकडं वळू. काका, तुम्हाला इथं आल्यावर सगळ्यात जास्त छळणार आहे ती गोष्ट अजून कुणी बोललंच नाही: सिमलकास्ट.

शहराच्या साइटवर पाच-सहा टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तेच बोलणं पाठवतात. संचवाल्यांना त्यानं फायदाच होतो. पण तुम्ही दोन टॉवरांच्या मधोमध असाल तर तेच बोलणं किंचित मागंपुढं असं दोनदा येतं आणि डिजिटल बिटांचा चिवडा होतो. मीटरवर सिग्नल पूर्ण पाच दांड्या आणि आवाज मात्र पाण्यात बुडाल्यासारखा. नवखा माणूस मोठा अँटेना लावतो. त्यानं दोन्ही टॉवर आणखी जोरात येतात आणि दुखणं वाढतं.

जुने स्कॅनर या ठिकाणी हात टेकायचे. एसडीएस१०० ची सातशे डॉलरच्या आसपास किंमत आहे ती मुख्यतः यासाठीच. तो सिग्नलच्या लाटेचे आय आणि क्यू असे दोन्ही भाग वाचतो, जुन्यांसारखा नुसत्या एफएम पद्धतीनं अंदाज बांधत नाही, म्हणून बरंच सावरून घेतो. तरी खोलीत जागा बदलून बघा. खिडकीपासून आत, भिंतीच्या आड, जिथं एकच टॉवर ठळक येईल तिथं ठेवा. माझ्या घरी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या शेजारी उत्तम चालतो आणि खिडकीत, जिथं कुणीही ठेवेल, तिथं गुळण्या करतो. फार झालं तर ॲटेन्युएटर चालू करा. सिग्नल मुद्दाम कमी करून बोलणं सुधारतं, हे तुमच्या खात्यातल्या कुणाला पटलं नसतं.

फुलेवाडी_बिनतारी

पटलं नसतंच. आमच्याकडं आवाज नाही आला की खांबाची उंची वाढवायची, एवढंच औषध.

बरं, पोलिसांचं काय? मुलगा म्हणतो काही ठिकाणी बंद केलंय.

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

गावागणिक वेगळं. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३ पासून आपलं बोलणं सांकेतिक करायला घेतलं, आधी ब्रुकलिनमधल्या ठाण्यांपासून. वृत्तपत्रवाल्यांनी बरीच बोंबाबोंब केली. यादीत टॉकग्रुपच्या शेजारी मोड लिहिलेला असतो, त्यात ई असेल तर सांकेतिक. ते लिस्टमध्ये टाकूच नका. स्कॅनर ऐकवणार नाही आणि उगाच वेळ खाईल. एईएस-२५६ हे त्या सांकेतिक बोलण्याचं कुलूप फोडायचा विचार कुणी करू नये, जमणारही नाही आणि इथंही तो गुन्हाच आहे. फायर आणि अँब्युलन्स मात्र बऱ्याच ठिकाणी उघडं असतं, तुमचा वेळ मजेत जाईल.

अजून एक. तुम्ही नायगाराला जाणार. आईबाबा आले की सगळेच जातात, तिकीट काढल्यासारखं ठरलेलं असतं. त्या दिवशी स्कॅनर घरी ठेवा. नायगारा ज्या न्यूयॉर्क राज्यात आहे, तिथं पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी घेणारं यंत्र गाडीत ठेवण्यावर बंधन आहे. ओहायोच्या शेजारच्या इंडियाना आणि केंटकीतही असेच नियम आहेत. घरात बसून ऐकणं आणि गाडीत घेऊन फिरणं यांत ते फरक करतात. आणि ऐकलं म्हणून आग बघायला जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

रेणुका_आरएफ

त्या स्कॅनरमध्ये ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ हे पट्टे लागणारच नाहीत, तेव्हा बिघाड समजू नका. १९९४ पासून अमेरिकेत येणाऱ्या स्कॅनरना मोबाइलचे हे पट्टे बंद करूनच विकावं लागतं. कायद्यानं. या दोन पट्ट्यांच्या मधेच, ८५१ पासून ८६९ पर्यंत, तुमच्या ट्रंक सिस्टिमचा ८०० चा पट्टा आहे.

टेंबलाई_टेकडी

मला एक सांगा, सातशे डॉलर घालवण्यापेक्षा तिकडं पस्तीस-चाळीस डॉलरचा आरटीएल-एसडीआर डोंगल आणि एसडीआरट्रंक हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं असतं तर?

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

चालतंय की, मीही वापरतो. स्क्रीनवर कंट्रोल चॅनेलचा एकेक संदेश सरकताना दिसतो, शिकायला त्याच्यासारखं काही नाही. पण एका डोंगलला एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो. साइटच्या फ्रिक्वेन्सी ८५१ ते ८६० अशा विखुरलेल्या असल्या की दोन-तीन डोंगल आणि लॅपटॉप सतत चालू. काकांना हातात घेऊन अंगणात बसायचंय. स्कॅनरच बरा.

फुलेवाडी_बिनतारी

मे अजून लांब आहे. तोवर इथं बसून सराव करता येईल असं काही? इंग्रजी कळतं, पण तिकडच्या लोकांचे उच्चार वायरलेसवर कितपत कळतील शंका आहे.

उत्तरेश्वर_ते_कोलंबस

ब्रॉडकास्टिफाय. तिकडचे हौशी लोक आपला स्कॅनर इंटरनेटवर सोडतात. कोल्हापुरात बसून तुम्ही कॉम्प्युटरवर ओहायोचे फीड ऐकू शकता. वेळ जुळवून घ्या: उन्हाळ्यात कोलंबस आपल्या साडेनऊ तास मागं. रात्री जेवून साडेनऊला बसलात तर तिथं दुपारचे बारा, भरपूर वर्दळ. हिवाळ्यात घड्याळ मागं घेतात तेव्हा साडेदहा तास.

ऐकताना वही घ्या. कुठला आवाज डिस्पॅचरचा, गाडीचे नंबर कसे बोलतात, "स्टेजिंग" म्हणजे लांब थांबून राहणं, "इन सर्व्हिस" म्हणजे गाडी पुन्हा मोकळी, हे आठवड्याभरात कानावर बसतं. पत्ता सगळ्यात आधी येतो आणि दोनदा येतो. तेवढा धरता आला की बाकीचं मागं मागं येतं. स्कॅनरमध्ये रीप्ले आहे, नुकतं झालेलं बोलणं पुन्हा ऐकता येतं. बोटाला तेच बटण आधी सापडू दे.

रेणुका_आरएफ

काका, तुमच्या लिस्टचा आराखडा मी असा करीन. एकच फेव्हरिट्स लिस्ट. तिच्यात मार्क्स सिस्टिम, दोन साइट. डिपार्टमेंट तीन: फायर-अँब्युलन्स डिस्पॅच, फायर टॅक, आणि पोलिस असतील उघडे तर ते. आयडी स्कॅनवर ठेवा, म्हणजे भरलेलेच टॉकग्रुप ऐकू येतील. रविवारी कंटाळा आला तर आयडी सर्च लावा, यादीत नसलेलेही दिसू लागतात. नको असलेला टॉकग्रुप अडकला की अव्हॉइड एकदा दाबा, तात्पुरता जातो. दोनदा दाबला तर कायमचा जातो. डिले दोन सेकंद राहू दे, म्हणजे प्रश्नाला उत्तर यायच्या आधी स्कॅनर दुसरीकडं पळणार नाही.

फुलेवाडी_बिनतारी

वहीत उतरवून घेतलं. मुलाला सेंटिनेल टाकून ठेवायला सांगितलंय.

आता येताना यंत्राचं काय करू? नातवाला देऊन येऊ का बॅगेत आणू?

रेणुका_आरएफ

नातवाला द्या. बाहेरून वायरलेसचं यंत्र आणायचं तर परवानगीचे कागद लागतात, नाहीतर विमानतळावर कस्टमला उत्तरं देत बसाल. आणि आणलं तरी इथं त्याला ऐकायला कायदेशीर काय, तर हॅमचे पट्टे, तेही परवाना असेल तर. तुम्ही आयुष्यभर संचावर काम केलंय, मंगळवार पेठेबरोबर तुम्हीही परीक्षेला बसा. मोर्स येतो का तुम्हाला?

फुलेवाडी_बिनतारी

एनसीसीत सिग्नलला होतो तेव्हा शिकलोय. हात अजून चालतो, वेग गेला असेल.

रेणुका_आरएफ

मिनिटाला आठ शब्द लागतात, सराव केला की येतील. मग रिस्ट्रिक्टेड सोडा, थेट जनरल ग्रेडचाच अर्ज भरा. ओहायोहून आल्यावर मला निरोप टाका, मोर्सच्या सरावाच्या फाइली पाठवते. मंगळवार पेठ, तुलाही पाठवीन, पण आधी आधार आणि फोटो तयार ठेव.

मंगळवार_पेठ_११

फोटो काढायला आजच जातो मॅडम. काका, तुम्ही आलासा की दोघं मिळून बसू.